आगरात सापडलेली पलटणीची बटणं

दापोलीजवळच्या तुमच्या आगरात मेटल डिटेक्टरवर मुकुट आणि आकडा असलेली बटणं लागली, आणि ती चिंचेने घासू का असं तुम्ही विचारलंय. कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, आमसूल, भांड्यांची पावडर, काहीच नको. अधिकाऱ्यांच्या बटणांवर बहुधा सोन्याचा मुलामा असायचा. खालचं तांबं-पितळ आंबटाने खाल्लं की मुलामा पापुद्र्यासारखा सुटून येतो, आणि मग काही करता येत नाही.

ओळख मुकुटावरून सुरू करा. कमानी मधोमध दबलेल्या असतील तर व्हिक्टोरियाचा काळ, घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरचा. मुकुट धरलेला सिंह असेल तर कंपनी सरकार, म्हणजे १८५८ च्या आधीचं. आकड्यावर मात्र घाईने विसंबू नका. गोऱ्या पलटणींनाही आकडे होते. मुंबई फौजेच्या बहुतेक पायदळ पलटणींच्या आकड्यांत १९०३ साली शंभर मिळवले, म्हणून १० ची ११० झाली. आणि बटण सापडलं म्हणजे ती पलटण तिथे होती असं नव्हे. १८१८ नंतर दापोलीला छावणी होती हे खरं, पण रत्नागिरी जिल्ह्यातून फौजेत गेलेले किती पेन्शनर जुने कोट घेऊन गावी परतले! माझ्या मते तुमची बटणं तशीच आली असावीत.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. बटणं त्यात बसतात का, हे वकिलाला विचारा, मी वकील नाही. मला सापडलेल्या बटणांसाठी मी आपणहून अर्ज केला आणि ती एका कार्यालयात जमा केली. त्यांनी ती दमट मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाखेने सील केली आणि ओल आलेल्या भिंतीच्या कपाटात ठेवली. अख्खा पावसाळा गेला. विचारायला गेलं की साहेब दौऱ्यावर, नाहीतर फाईल वरच्या टेबलावर. परत मिळाली तेव्हा फिकट हिरवी भुकटी झडत होती आणि आकडा गेला होता. खाऱ्या हवेतल्या क्लोराईडला ओल मिळाली की तांबं आतून असंच कुजतं. पोचपावतीवर फक्त 'जुनी बटणे'. आकडा आधी स्वच्छ वाचता येत होता हे कोणापुढे सिद्ध करणार? आजही राग येतो.

म्हणून कुठेही देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो तिरक्या उजेडात काढा, व्यास मोजा आणि वर्णन पोचपावतीत शब्दांत लिहून घ्या. शिक्का मिळेपर्यंत हातातून सोडू नका.

माती सुटण्यासाठी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, रोज बदला, मऊ ब्रशने हलकेच. मागची कडी लोखंडी असेल तर भिजवू नका. पूर्ण सुकवून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. मृगाच्या आधी जेल बदला. कथील-शिशाचं राखाडी बटण लाकडी कपाटात नको, लाकडाच्या आम्ल वाफा शिशाला खातात. भुकटी आधीच दिसत असेल तर वेगळं ठेवा आणि संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा.

आणखी एक, विजयदुर्ग, सुवर्णदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांवर डिटेक्टर नेऊच नका.

बटणांच्या मागच्या बाजूचे फोटो टाका. तिथे फर्मिन किंवा जेनेन्स असं कारागिराचं नाव आणि पत्ता असेल तर साल बरंच नेमकं काढता येईल.