टॉवेलखाली वाळणारे कपडे

मे महिन्यात दुपारी तीन वाजता सोलापुरात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी ती माझ्याकडं आली. तिशी ओलांडलेली, गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसणारी. खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. "नीट बसा की," म्हटलं, तर म्हणाली, "नको मॅडम, तुमच्या खुर्चीला लागंल."

मग पिशवीतनं तिनं एकेक ट्यूब काढून टेबलावर ठेवली. सात होत्या. सगळ्या शेपटीकडून गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या. "दोन वर्षं झाली. कंबरेला रुपयाएवढा चट्टा होता. आता मांड्या, पोट, पाठ. हे गजकर्ण मला घेऊनच जाणार का?"

हा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ असतात. सगळं लावून झालं, तरी पसरतंय, आता काय? बरेच जण जीव नकोसा झाल्यावरच येतात.

मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचते. सातांपैकी पाचांवर क्लोबेटासॉल नाहीतर बीटामेथासोन लिहिलेलं होतं. म्हणजे स्टेरॉइड. त्यानं दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणसाला वाटतं गुण आला. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकाराची ताकद दबलेली असते आणि गजकर्णाची बुरशी निवांत वाढत असते. ट्यूब थांबली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन उठतो. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, जांघेत भेगांसारखे पट्टे पडतात आणि ते पुसले जात नाहीत. तिच्या मांडीवरचे असे पट्टे तिला गजकर्णच वाटत होते. २०१८ साली सरकारनं अशा बऱ्याच मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी आणली, तरी "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की अजून मिळते. याचा मला फार राग येतो, कारण त्याची किंमत अशा बायका मोजतात.

डॉक्टरकडं का नाही गेलात? "दाखवायचं म्हणजे काढून दाखवायला लागतंय की."

मी विचारलं, "आतले कपडे कुठं वाळत घालता?" तिनं मान खाली घातली. "बाथरूममध्ये. नाहीतर गच्चीवर, टॉवेलखाली." घरात सासरे, दीर. सकाळी तेच दमट कपडे घालायचे, वर घट्ट लेगिन्स, आणि पत्र्याखाली आठ तास मशीन. सोलापूरचं बेचाळीस अंशांचं ऊन, ज्याच्यासमोर बुरशी टिकायची नाही, ते रोज टॉवेलवर पडत होतं. मलमही ती सगळे झोपल्यावर अंधारात लावायची.

तेव्हा मी तिला सरळ सांगितलं. हा आजार लपवून बरा होत नाही, कारण तो एकट्या तुमच्या अंगावर नाही, घरात आहे. टॉवेलमध्ये, अंथरुणात, कदाचित दुसऱ्या कुणाच्या अंगावरही.

पुढच्या दोन भेटी आम्ही एकाच गोष्टीवर घालवल्या, घरी सासूबाईंना काय सांगायचं. "आत्या, मला गजकर्ण झालंय. डॉक्टरकडं जायचंय. घरात सगळ्यांनी दाखवून घ्यायला पाहिजे." पहिली दोन वाक्यं यायची, तिसरं घशात अडकायचं. "मीच घरात आणलं म्हणतील." ही बुरशी आहे, कुणाच्या वागण्याचा किंवा घाणेरडेपणाचा पुरावा नाही, हे मी तिच्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं. एकदा नाही, कितीतरी वेळा.

तिसऱ्या आठवड्यात ती बोलली. सासूबाई भाकरी थापत होत्या. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मला बी हाय." छातीखालच्या घडीत, कितीतरी वर्षांपासून. नवऱ्याच्या कंबरेला करदोड्याखाली निघालं, पोराच्या मानेवर निघालं. कायम ओला राहणारा तो करदोडा काढायला नवरा तयार नव्हता. आईनं बांधलेला. शेवटी तो सासूबाईंनीच कापला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, रक्त तपासलं, बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या कित्येक आठवडे चालतील हे आधीच सांगितलं. आपल्याकडं पसरलेल्या या चिवट बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालंय आणि पूर्वी हमखास लागू पडणारं टर्बिनाफिन हे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. बुरशीवरचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि कातडी स्वच्छ दिसली तरी डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचं नाही.

माझ्याकडं राहिली ती स्टेरॉइड सुटल्यानंतरची खाज. पहिले काही आठवडे ती उसळते, आणि तिथंच माणसं मागं फिरतात. नवव्या रात्री तिचा फोन आला. "एकदाच लावू का मॅडम, ती जुनी?" एक ट्यूब तिनं जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मी रागावले नाही. म्हटलं, ओल्या फडक्यानं जागा गार करा, मग कोरडी करा, डॉक्टर बाईंनी दिलेली खाजेची गोळी घ्या, नखं कापलीत का बघा, आणि फोन चालूच ठेवा. अर्धा तास आम्ही पोराच्या शाळेबद्दल बोललो. त्यानंतर तिनं नवऱ्याला उठवलं आणि ट्यूब त्याच्या हातात दिली.

कपडे वेगळे धुवायचे हे लिहून देणं सोपं. तिच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मग ठरलं, रोज फक्त आतले कपडे आणि टॉवेल, अर्ध्या बादलीत. चादरी आणि बाकीचं पाणी येईल त्या दिवशी, कढत पाण्यात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. दोरी गच्चीवर उन्हात, वर काही झाकायचं नाही. सासऱ्यांना त्या वेळी गच्चीवर जाऊ नका, हे सासूबाईंनी सांगितलं.

पावसाळ्यात मांडीवर एक चट्टा परत उठला. या वेळी ती मेडिकलमध्ये न जाता तिसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं गेली. दिवाळीआधी चौकशीला मी फोन केला, तर घाईत म्हणाली, "मॅडम, पाणी आलंय, सगळ्यांच्या चादरी भिजवल्यात. संध्याकाळी करते."