पाऊस लागला की छातीत धडधडतं, मी वेडी झालेय का?

मे संपत आला की चिपळूण आणि आसपासच्या गावांतून हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण 22 जुलै 2021 च्या महापुरातून गेलेले असतात. त्यातल्या एका काकूंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

खाली दुकान, वर घर. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा काकू जिन्यात उभ्या राहून बॅटरीच्या उजेडात एकेक पायरी बुडताना बघत होत्या. वरून तिसऱ्या पायरीवर पाणी थांबलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात सरींचा जोर वाढला की त्या रात्रीतून चार-पाचदा उठून जिन्यात बॅटरी मारायच्या. हातपाय गार, तोंडाला कोरड, झोपेचं खोबरं. यजमान म्हणायचे, "इतकी वर्षं झाली, विसर की आता."

माझ्याकडे उपचारासाठी आल्यावर काकूंनी पहिलं विचारलं, "मॅडम, मला रत्नागिरीला तर नाही ना पाठवणार?" रत्नागिरी म्हणजे मनोरुग्णालय, ही धास्ती आपल्याकडे घराघरात आहे. तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. काकू वेड्या नव्हत्या. एकदा जिवावर बेतलं की शरीर त्या आवाजाची, त्या वासाची नोंद ठेवतं आणि तसंच काही जाणवलं की आधीच धोक्याची घंटा वाजवतं.

"घाबरू नका" असं मी म्हटलं नाही. अतिवृष्टी, त्याच वेळी खाडीला भरती, वरून कोळकेवाडी धरणाचं पाणी, हे गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून आधी तयारी आणि धास्ती वेगळी केली. कागदपत्रं-औषधांची पिशवी वर, सिलिंडर बांधलेला, माल उंच फळ्यांवर, इशारा आला की कुठे जायचं ते ठरलेलं: ही तयारी. बॅटरी मारणं त्यात बसत नव्हतं. बघून आलं की घटकाभर बरं वाटायचं, आणि म्हणूनच मन पुन्हा उठवायचं.

एका भेटीत बाहेर धो-धो सुरू झाला, पत्रे वाजू लागले. काकू उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसून राहूया. भीतीला दहापैकी किती मार्क?" "नऊ." श्वास सावकाश सोडत, पत्र्याचा आवाज ऐकत आम्ही बसलो. दर थोड्या वेळाने मी मार्क विचारत होते. नऊ, आठ, परत नऊ, सात. अर्ध्या तासाने चार. पाऊस तेवढाच होता. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढे घरी तेच केलं. आधी दिवसा, मग रात्री. बॅटरीची एकेक फेरी कमी करत. यजमानांनी "काही होत नाही गं" म्हणणं सोडून फक्त "किती मार्क?" विचारायचं ठरवलं, आणि ते त्यांनी नेटाने पाळलं. दोन पावसाळे गेले. आता साध्या सरींना काकू झोपतात. रेड अलर्ट असला की पिशवी घेऊन उंचावरच्या नणंदेकडे जातात. ते थांबवायला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तुमचीही झोप उडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर पाऊस सरायची वाट बघू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आजच घरच्यांना सांगा, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.