घोड्यांच्या बेटावर नातवाला न्यायचंय

प्रश्न: नमस्कार. आम्ही फोंड्याचे. मुलगी-जावई अमेरिकेत जॅक्सनव्हिलला असतात, मार्चमध्ये त्यांच्याकडे जाणार आहोत. जवळच कंबरलँड नावाचं बेट आहे, तिथे घोडे मोकळे फिरतात म्हणे. नातू पाच वर्षांचा, त्याला घोड्याला गाजर भरवायचंय. बेटावर गाडी जाते का? खाण्यापिण्याचं काय? यांचे गुडघे दुखतात, झेपेल का?

उत्तर: ताई, जरूर जा, पण गाजरं घरीच ठेवा. ते घोडे पाळीव नाहीत, कोणाचेच नाहीत, माणसांच्या हातचं खायची सवय लागली की ते जवळ येतात आणि मग लाथ मारतात नाहीतर चावतात, पाच वर्षांच्या पोराची उंची बघता हा धोका घ्यायलाच नको. पन्नास-साठ फूट लांबूनच बघा, शिंगरू दिसलं तर अजून लांब, कारण आई आसपास असतेच. फोटो झूम करून काढा.

हे घोडे स्पॅनिश लोकांच्या काळापासूनचे आहेत असं तिकडे हौसेनं सांगतात, पण आत्ताचे घोडे बहुतेक नंतरच्या मालकांनी आणून सोडलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज आहेत. बेट 1972 मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे गेलं, आणि तिथे घोड्यांना चारा, पाणी, डॉक्टर काहीच दिलं जात नाही. खारट दलदलीतलं गवत खाऊन जगतात, काही अगदी हाडकुळे दिसतात. नातवाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो हिरमुसेल. मला स्वतःला हे बघवत नाही, पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे बॅरियर आयलंड, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाळूचं लांबट बेट, वादळाच्या लाटा आधी हे अंगावर घेतं आणि मागची जमीन वाचते. ती वाळू धरून ठेवतं कोण, तर टेकड्यांवरचं गवत, आणि नेमकं तेच घोडे खातात, तुडवतात. आपल्याकडे मोरजीला मर्यादवेल वाळू धरते ना, तसंच. त्यामुळे तुम्हीही टेकड्यांवर चढू नका, लाकडी वाटेवरूनच समुद्राकडे जा.

आता जायचं कसं. बेटाला पूल नाही. जॉर्जियातल्या सेंट मेरीज गावातून फेरी सुटते, पाऊण तास लागतो. दिवाडीला जातो तशी गाडी फेरीत घालता येत नाही, माणसंच जातात, कुत्राबित्राही चालत नाही. दिवसाला किती पर्यटक जाऊ शकतात यावर मर्यादा आहे आणि मार्चमध्ये गर्दी असते, म्हणून मुलीला आत्ताच बुकिंग करायला सांगा. दिवसभरासाठी येणाऱ्यांना खायला बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही. चपात्या-भाजी, पाणी, टोपी सगळं घेऊन जा आणि कचरा पिशवीत घालून परत आणा. डास असतात, गोचिडी असतात, त्यामुळे फुल पँट घाला आणि परत आल्यावर नातवाचे पाय, कानामागे, केसांत नीट बघा.

गुडघ्यांसाठी सांगते, डंजनेस धक्क्यावर उतरा. पोलादाच्या धंद्यातल्या श्रीमंत कार्नेगी कुटुंबाचा वाडा 1959 मध्ये जळला, त्याचे अवशेष तिथून जवळच आहेत आणि घोडे बऱ्याचदा त्याच्याच आसपास चरत असतात. यांना तिथेच ओकच्या सावलीत बसवा, तुम्ही मुलीबरोबर समुद्रापर्यंत जाऊन या. बेट जवळजवळ 28 किलोमीटर लांब आहे, सगळं बघायचा हट्ट नको. कासवं मात्र मार्चमध्ये दिसणार नाहीत, तिथली लॉगरहेड उन्हाळ्यात अंडी घालायला येतात, आपल्या गालजीबागसारखी थंडीत नाही.

गाडीनंच जायचं असेल तर असेच मोकळे घोडे असलेलं मेरीलँडचं असाटीग बेट आहे, तिथे पूल आहे, पण जॅक्सनव्हिलहून ते फारच लांब, म्हणून ते सोडा. आणि परतीच्या शेवटच्या फेरीच्या आधी अर्धा तास धक्क्यावर येऊन बसा, ती चुकली तर स्वतःच्या खर्चानं खासगी बोट बोलवावी लागते.