‘गेम्समनशिप’ म्हणजे रडीचा डाव का? (आइस हॉकीच्या निमित्तानं)

प्रश्न असा आलाय की आइस हॉकीवरच्या एका मजकुराचं मराठी करताना ‘गेम्समनशिप’ला, म्हणजे नियम न मोडता समोरच्याला जेरीस आणण्याला, ‘रडीचा डाव’ म्हटलं तर चालेल का, आणि गोलकीपरचं लक्ष उडावं म्हणून त्याच्या तोंडासमोर माकडचाळे करणाऱ्या खेळाडूला एका शब्दात काय म्हणायचं. शिवाय ‘चर्पिंग’चं, म्हणजे खेळता खेळता समोरच्याला बोलून डिवचण्याचं, काय करायचं हेही विचारलंय, त्याचं शेवटी बघू.

पहिल्याचं उत्तर माझ्या मते सरळ आहे, नाही चालणार. रडीचा डाव म्हणजे लगोरीत बॉल पाठीत बसलेला सगळ्यांनी बघितलाय तरी ‘लागलाच नाही’ म्हणून भांडत बसणं, किंवा आउट झाल्यावर ‘मी तयारच नव्हतो’ म्हणणं. कुणी ह्यालाच रडी खाणं म्हणतात, कुणी अंचई. ह्या सगळ्या शब्दांमध्ये माणूस हरायला लागलेला असतो आणि निकाल मान्य करायचा नाही म्हणून कांगावा करत असतो. गेम्समनशिप करणारा बऱ्याचदा जिंकत असतो, एकदम थंड डोक्यानं करतो आणि रेफ्रीनं विचारलं तर ‘कुठला नियम मोडला, दाखवा’ म्हणायची त्याची तयारी असते. तिथंच ‘चीटिंग’ हा शब्दही बाद होतो.

शब्द तसा फार जुना नाही. स्टीफन पॉटर नावाच्या इंग्रज विनोदी लेखकानं १९४७ मध्ये तो लोकांच्या तोंडी आणला, ‘स्पोर्ट्समनशिप’ ह्या सोज्वळ शब्दाचं शेपूट कापून ‘गेम’ला चिकटवलं, आणि अर्थ काय तर प्रत्यक्ष फसवणूक न करता जिंकायची कला. म्हणजे शब्दातच एक मिश्कीलपणा आहे, कौतुकही आहे थोडं, आणि आपल्या ‘अखिलाडूपणा’त तो अजिबात येत नाही. अखिलाडूपणा म्हटलं की हेडमास्तर रागावल्यासारखं वाटतं.

आता आइस हॉकी. तारीख १३ एप्रिल २००८, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मुख्य लीग) प्लेऑफच्या पहिल्या फेरीतली तिसरी मॅच, रेंजर्स विरुद्ध न्यू जर्सी डेव्हिल्स. डेव्हिल्सचे दोन गडी एकाच वेळी पेनल्टी बॉक्समध्ये, शिक्षा म्हणून काही मिनिटं खेळाबाहेर, म्हणजे गोलकीपर सोडून रेंजर्सचे पाच आणि समोर तीनच. (ह्याला तिकडे पॉवर प्ले म्हणतात, क्रिकेटच्या पॉवरप्लेशी गल्लत नको.) अशा वेळी हल्ला करणाऱ्यांपैकी एक जण गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन ठाण मांडतो, तोंड पककडे (पक म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) आणि पाठ गोलकीपरकडे, त्याला पक दिसू नये आणि आपल्याजवळून गेलाच तर काठी लावून दिशा बदलावी म्हणून, आणि ह्यात गैर काहीच नाही, रोज होतं. रेंजर्सचा शॉन एव्हरी काय करावं तर उलटा फिरला. खेळाकडे पाठ, तोंड डेव्हिल्सच्या मार्टिन ब्रोड्यूअरकडे, आणि त्याच्या मास्कसमोर हात आणि काठी नाचवायला लागला. पक मागे कुठं चाललाय, कुणाकडे आहे, ह्याच्याशी त्याला काही घेणंदेणंच नाही, ब्रोड्यूअरला काही दिसू द्यायचं नाही एवढा एकच कार्यक्रम. कहर म्हणजे त्याच पॉवर प्लेत थोड्या वेळानं गोलही ह्यानंच मारला. मॅच मात्र डेव्हिल्सनं ओव्हरटाइममध्ये ४-३ अशी काढली.

रेफ्रींनी त्यावर पेनल्टी दिली नाही, कारण नियमपुस्तकात असलं काही स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. दुसऱ्याच दिवशी लीगकडून कॉलिन कॅम्पबेल यांनी जाहीर केलं की इथून पुढे गोलकीपरकडे तोंड करून त्याच्या चेहऱ्यासमोर हात किंवा काठी हलवली आणि हेतू खेळायचा नसून त्याचं लक्ष उडवायचा असला तर ते अखिलाडू वर्तन धरून दोन मिनिटांची पेनल्टी मिळेल. लोक त्याला ‘एव्हरी रूल’ म्हणायला लागले. ती सिरीज रेंजर्सनं ४-१ जिंकली आणि शेवटी रांगेत हस्तांदोलन करायची जी पद्धत असते त्यात ब्रोड्यूअरनं एव्हरीशी हात मिळवला नाही. आता ह्या दोघांत अखिलाडू कोण, ह्यावर तिकडचे लोक अजूनही वाद घालतात.

खेळाडूचं नाव असं एखाद्या प्रकाराला चिकटणं आपल्याला नवीन नाही. विनू मांकड यांनी सिडनीला बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआउट केलं ते डिसेंबर १९४७ मध्ये (हो, पॉटरचंच साल, निव्वळ योगायोग), आणि त्यावरून जो शब्द पडला तो वापरू नका असं गावसकर कितीदा बोललेत. २०२२ मध्ये एमसीसीनं तो प्रकार अनफेअर प्लेच्या कलमातून उचलून सरळ रनआउटच्या कलमात टाकला. एव्हरीच्या बाबतीत बरोबर उलटं झालं, आदल्या रात्री जे चालून गेलं ते दुसऱ्या दिवशी अखिलाडू ठरलं. म्हणून भाषांतर करताना एक गोष्ट सांभाळायला हवी असं मला वाटतं. ‘अखिलाडू वर्तन’ हा नियमाचा शब्द आहे, पेनल्टीचं नाव म्हणून तो वापरा, पण एव्हरीनं त्या रात्री जे केलं त्याला तोच शब्द लावला तर सगळी गंमत जाते.

मग त्याला काय म्हणायचं? माझं मत ‘कुरापती’ला. कुरापत काढणं म्हणजे मारामारी करणं नव्हे, समोरच्यानं ती सुरू करावी अशी व्यवस्था करणं. पेपरात सीमेवरच्या बातम्यांमध्ये हा शब्द येतो तो ह्याच अर्थानं. आइस हॉकीत तर हे फार चपखल बसतं, कारण तिथं रेफ्रीला बऱ्याचदा दुसरा फटका दिसतो, पहिला नाही. तुम्ही जाळीमागे हळूच काठीनं पोटरीवर टोचता, समोरचा भडकून दणका देतो, दोन मिनिटं तो आत जाऊन बसतो आणि तुमची टीम एक गडी जास्त घेऊन खेळते. हेच ज्याचं काम त्याला तिकडे ‘पेस्ट’ म्हणतात, म्हणजे उपद्रवी किडा, पण मराठीत ‘पेस्ट’ लिहिलं तर वाचणाऱ्याला टूथपेस्ट आठवणार, तेव्हा नको. ‘कुरापतखोर’ चालेल, बोलीभाषेत ‘काडीबाज’ तर मस्तच. मात्र मारामारी करायलाच ठेवलेला जो धिप्पाड गडी असतो, एन्फोर्सर, त्याला काडीबाज म्हणू नका, ती वेगळी जमात. काडी लावणारा एक आणि निस्तरणारा दुसरा.

अलीकडचा काडीबाज म्हणजे ब्रॅड मार्शंड. बोस्टन ब्रुइन्सकडून खेळताना २०१८ च्या प्लेऑफमध्ये ह्या माणसानं आधी टोरंटोच्या लिओ कोमारोव्हला आणि नंतर टँपा बेच्या रायन कॅलाहनला, नाक भिडेपर्यंत जवळ जाऊन, चक्क चाटलं. जिभेनं. चाटू नये असं कुठल्या नियमात लिहून ठेवणार? शेवटी लीगनं त्याला बोलावून समज दिली की पुन्हा असलं काही केलंस तर शिक्षा होईल. ह्याला मी कुरापतसुद्धा म्हणणार नाही, हा शुद्ध किळसवाणा आचरटपणा. पण तोच मार्शंड पुढे २०२३ मध्ये बोस्टनचा कॅप्टन झाला आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून स्टॅनली कपही, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, म्हणजे काडीबाज असणं आणि चांगला खेळाडू असणं ह्यात तिकडे कुणाला काही विसंगती वाटत नाही.

कुरापत हा शब्द जिथं पुरत नाही ती जागा म्हणजे कोच लोकांची डोकेबाज कामं. रॉजर नीलसन हे नाव ह्यात सगळ्यात वर. कॅनडात पीटरबरोच्या ज्युनियर टीमचे कोच असताना ते नियमपुस्तक असं वाचायचे जसा एखादा वकील करारनामा वाचतो. पेनल्टी शॉटला गोलकीपरच उभा करायचा असं कुठं लिहिलंय, म्हणून ह्यांनी डिफेन्समन उभा केला, तो सरळ पुढं धावून जाऊन शॉट मारणाऱ्याला गाठायचा. पाचास तीन झाल्यावर त्याहून कमी गडी करताच येत नाहीत हे लक्षात आल्यावर शेवटच्या मिनिटांत मुद्दाम जादा माणूस बर्फावर पाठवायचे, खेळ थांबला, पुन्हा पाठवला, पुन्हा थांबला, आणि घड्याळ चाललंय. मग नियम बदलले. ह्याला कुरापत म्हणता येत नाही कारण कुणाला उचकवलेलंच नाही, आणि रडीचा डाव तर नाहीच नाही. इथं ‘कावेबाजी’ बसतं. ‘पळवाट काढणं’ही बसतं पण त्यात बुद्धीचं कौतुक कमी येतं. १९८२ मध्ये व्हँकुव्हरचे कोच असताना शिकागोत रेफ्रींच्या निर्णयांना वैतागून नीलसननी काठीला पांढरा टॉवेल लावून शरणागतीचं निशाण दाखवलं होतं, ते मात्र ना कुरापत ना कावा, तो सरळ सरळ टोमणा. रेफ्रींनी बाहेर काढलं त्यांना. व्हँकुव्हरच्या स्टेडियमबाहेर आता त्यांचा पुतळा आहे, हातात टॉवेलसकट.

रडीच्या डावाच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण द्यायचंच तर १९९३ च्या स्टॅनली कप फायनलमधली दुसरी मॅच. लॉस एंजेलिस किंग्ज माँट्रिऑलच्या घरी २-१ नं पुढे, पावणेदोन मिनिटं उरलेली, आणि माँट्रिऑलचे कोच जॅक डेमर्स रेफ्रीला म्हणाले मार्टी मॅकसॉर्लीची काठी मोजा. काठीचं पातं किती वाकडं असावं ह्याला मर्यादा असते. काठी ठीक निघाली असती तर पेनल्टी उलट माँट्रिऑललाच बसली असती, पण मोजली आणि निघाली जास्त वाकडी. दोन मिनिटं मॅकसॉर्ली आत, माँट्रिऑलनं गोलकीपर काढून आणखी एक गडी घातला, एरिक देजार्दाँनं बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये गोलही त्यानंच मारला आणि पुढे सिरीज ४-१ नं माँट्रिऑलकडे. किंग्जचे चाहते अजून चरफडतात. पण नियम मोडला कुणी होता? मॅकसॉर्लीनं. डेमर्सनी फक्त चुगली केली, तीही नेमक्या वेळेला. ‘चहाडी’ म्हणा वाटल्यास, रडी नव्हे.

लागलं नसताना लोळण घेणं, म्हणजे ‘डायव्हिंग’ किंवा नियमाच्या भाषेत ‘एम्बेलिशमेंट’, ह्याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही, ‘सोंग’ आहे. सोंग घेतलं, सोंग केलं, सोंगाड्या, सगळं तयार.

आता चर्पिंग. ‘चिवचिवाट’ कृपा करून करू नका, चिवचिवाट गोड असतो आणि हे गोड नसतं. बर्फावर जाता-येता, फेसऑफला (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात तेव्हा) समोरासमोर उभं असताना, बेंचवरून, समोरच्याच्या खेळावर, पगारावर, केसांवर जे बोलणं चालतं त्याला ‘शेरेबाजी’ अगदी फिट आहे, आणि क्रियापद हवं तर ‘खिजवणं’ किंवा ‘डिवचणं’. ‘स्लेजिंग’ सगळ्यांना कळतं हे खरं, पण त्याला क्रिकेटचा वास आहे. घरच्यांवर गेलं की ती शेरेबाजी राहत नाही, शिवीगाळ होते, तिथं शब्द बदला. एकच भानगड होईल ती एसा टिक्कानेनवर काही लिहायला घेतलंत तर. एडमंटन ऑइलर्सचा हा फिनलंडचा गडी, टीममधला सुपरस्टार वेन ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेल्यावर आपल्याच जुन्या सहकाऱ्याच्या सावलीसारखा मागे लागायचा आणि सतत बडबडायचा, पण फिनिश आणि इंग्रजीची अशी काही खिचडी की कुणाला धड एक वाक्य कळायचं नाही. त्या भाषेला लोकांनी ‘टिक्कानीज’ असं नावच दिलं होतं. शेरा कळलाच नाही तर शेरेबाजी कसली, तेव्हा तिथं ‘टकळी’ लिहा.