खेड्यात राहून सेकंडहँड मस्टँग घ्यावी का?

तुम्ही लिहिलं की दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहता, दिल्लीची २०१७ ची एक फोर्ड मस्टँग जीटी, म्हणजे अमेरिकन स्पोर्ट्स कार, कोणीतरी दाखवली आहे, आणि विचारलं की सांभाळणं परवडते का, एक्झॉस्ट (सायलेन्सर) बदलला तर आरटीओवाले धरतात का, आणि समृद्धीवर किती पळवता येते. मी धामणगाव रेल्वे साइडचा. माझ्याकडं २०१७ चीच स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आहे, म्हणजे दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस (हॉर्सपॉवरच समजा). मस्टँगच्या पुढं ती पोट्टंच आहे, पण रस्ते, पाऊस, उंदीर अन् आरटीओ आपले एकच, म्हणून लिहून राहिलो.

सरळ सांगतो, गाडीची किंमत नंतर पाहा. आधी तुमच्या घरून निघून डांबरी रोडला लागेपर्यंतचा रस्ता पाहा. तोही दोनदा, एकदा उन्हाळ्यात अन् एकदा श्रावणात. आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळं तिच्यावरचा रस्ता कितीही चांगला केला तरी दोन-तीन वर्षांत लाटा येतात. आर्टिगा-बोलेरोवाल्याला ह्या लाटा समजतही नाईत. खाली बसलेल्या गाडीला प्रत्येक लाटेत पुढचा बंपर अन् पोट सांभाळावं लागते, अन् तुम्ही म्हणता ती गाडी लांब नाकाची, म्हणजे चढावर चढतानाच पहिले नाक टेकते.

मंग येतात ब्रेकर. नियमानुसार ब्रेकर १० सेंटीमीटर उंच अन् ३.७ मीटर रुंद पाहिजे, म्हणजे गाडी हळू चढून हळू उतरते. आपल्याकडं काय होते, एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी उरलेल्या काँक्रीटचा ढिगारा रोडवर आडवा, हातभर रुंद अन् वीतभर उंच, पट्टा नाई, बोर्ड नाई. आमच्या गावात शाळेसमोर असा एक आहे. त्याच्यावरून जायचं म्हणजे गाडी जवळजवळ थांबवायची, स्टिअरिंग पूर्ण कापायचं, आधी डावं पुढचं चाक चढवायचं, ते उतरलं की उजवं, मंग मागचं डावं, अन् मधे कुठंतरी खालून किर्र्र आवाज आला की दात शिवशिवतात. तेवढ्या वेळात मागं कापसाची बंडी, तिच्या मागं एसटी, अन् एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. हे रोज करायची तयारी असेल तर पुढं वाचा.

टायरचं पण सांगतो कारण खर्च तिथंच जास्त होते. माझी गाडी पहिल्या मालकानं १८ इंची अलॉय टाकून दिली होती, २२५/४०. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर अन् साइडवॉल त्याच्या ४० टक्के, फक्त ९० मिलिमीटर रबर अन् मंग लगेच रिम. एका पावसाळ्यात दोन रिमला पोचे आले. मी परत कंपनीच्या १७ इंची साइजवर आलो, २२५/४५, साइडवॉल १०१. अकरा मिलिमीटरनं काय होते असं वाटते, पण होते. दिसायला गाडी जराशी सुस्त झाली हे खरं, पोट्ट्यांनी नावं पण ठेवली. पण तेव्हापासून रिम सरळ आहे.

अन् हो, टायर घासलं नाई म्हणून चांगलं असं नाई. ह्या गाड्या कमी चालतात, नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर म्हातारं. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेलं. जुनं निघालं तर चारही टायरचे पैसे किमतीतून कापून मागा, मस्टँगच्या साइजचं टायर तालुक्याच्या दुकानात काय, अमरावतीलाही ऑर्डर देऊनच मागवावं लागेल. समृद्धीवर तर हे भल्लं महत्त्वाचं, कारण तिथं बहुतेक रोड काँक्रीटचा, मे महिन्यातलं ४५-४६ डिग्रीचं ऊन अन् एकसारखा स्पीड. टायर फुटून झालेले अपघात आपण सप्प्यांनी पाहिलेत.

समृद्धीचा विषय निघालाच तर. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला चालू झाला अन् शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला, आता पूर्ण ७०१ किलोमीटर. लोकं सांगतात की रोड १५० साठी बनवला आहे. हो, डिझाइन १५० चं आहे, पण कारसाठी परवानगी १२० ची अन् घाटात १०० ची. गाडी ४०० पीएसची आहे म्हणून लिमिट बदलत नाई. अन् फक्त कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून सुटता येते असं समजू नका, एंट्री अन् एक्झिटची वेळ टोलवर राहतेच. ५२० किलोमीटरला १२० नं ४ तास २० मिनिटं लागतात, तुम्ही तीन तासात उतरले तर गणित कोणीही करू शकते. दोघांनी मिळून रेस लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. कारचा टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, पूर्ण रस्त्याचा १,४४५.

मला विचाराल तर समृद्धीवर स्पोर्ट्स कार चालवण्यात मजा कमी अन् झोप जास्त. सरळ रोड, दोन्हीकडं भिंत. मजा चिखलदऱ्याच्या घाटात आहे, परतवाड्याहून वर चढताना, पण सकाळी अन् हळू. रात्री कुठंच नाई. आपल्या साइडच्या स्टेट हायवेवर रात्री रोही आडवी येते, अन् रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, खाली बसलेल्या गाडीनं तिच्या पायाला धडक दिली की अख्खं धड काचेवर येते. रानडुकरं वेगळी. अन् सीझनमधे कापसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर.

आता आरटीओ. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते त्याला कारण आहे, तिथं डिझेल १० वर्षं अन् पेट्रोल १५ वर्षं अशी मुदत लावली होती म्हणून लोकं लवकर काढत आले. पण ती इकडं आणली की तिथून एनओसी, फॉर्म २८, मंग ट्रान्सफरचे २९ अन् ३०, नवीन नंबरचा २७, लोन असेल तर बँकेचा ३५, अन् सगळ्यात मोठं म्हणजे महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा. इथल्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२, १३ टक्के आहे हे सप्प्यांना माहीत आहे. पण मस्टँग पूर्ण तयार होऊनच बाहेरून यायची, अन् इम्पोर्टेड गाडीला आपल्या राज्यात दर २० टक्के. २०१६ ला ती ६५ लाखाला आली होती एक्स-शोरूम, दिल्लीत. वयानुसार टॅक्स कमी होते, पण तरीही आकडा असा येते की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाई. टोकन द्यायच्या आधी यवतमाळच्या आरटीओत जाऊन आकडा काढून घ्या, एजंटच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येते पण त्याचे चकरे कोण मारणार. दिल्लीच्या नंबरवरच चालवू म्हणणारे पण भेटतील, त्यांना सांगा की १२ महिन्यांवर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागते. मी म्हणीन एमएच पासिंगचीच शोधा, दोन लाख जास्त गेले तरी.

एक्झॉस्टचं उत्तर सोपं आहे, नका बदलू. कंपनीनं आरसीत जे लिहिलं त्यात फरक करायचा नाई असं कलम ५२ सांगते, अन् सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. मालकानं बदल केला तर कलम १८२ए मधे एका बदलाला ५,००० पर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, आवाजाचं प्रदूषण म्हणून कलम १९० वेगळं. काळी फिल्म तर २०१२ पासूनच बंद. रॅप करून, म्हणजे वरून रंगीत फिल्म चढवून, रंग बदलला तरी आरसीत नोंद पाहिजे. अन् दंडापेक्षा मोठी भानगड इन्शुरन्सची, न सांगता केलेला बदल सर्व्हेअरला दिसला की क्लेम अडकलाच. तसंही मस्टँगच्या त्या ५ लिटर, आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनला कंपनीच्याच सायलेन्सरमधे एवढा आवाज आहे की सकाळी सुरू केली तर शेजारच्या कोठ्यातले बैल दावं तोडतील.

इन्शुरन्समधे थर्ड पार्टी ठरलेली आहे, १५०० सीसीच्या वर ७,८९७. खरा प्रश्न झीरो-डेपचा, म्हणजे पार्टचा घसारा न कापता क्लेम देणाऱ्या कव्हरचा. पाच-सात वर्षांवरच्या गाडीला बहुतेक कंपन्या तो देत नाईत, अन् तो नसला की प्लास्टिक अन् रबरच्या पार्टवर ५० टक्के तुमच्या खिशातून. बंपर, ग्रिल, खालचं कव्हर, म्हणजे आपल्या रस्त्यावर जे तुटते ते सप्पं प्लास्टिकच. तुमची गाडी २०१७ ची, हिशोब करून पाहा. वरून फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, अन् मस्टँगचे पार्ट तर आधीपासूनच बाहेरून येत होते. माझ्या गाडीचा एक बंपर ब्रॅकेट, हाताच्या पंजाएवढा तुकडा, त्याच्यासाठी नागपूरच्या एका वर्कशॉपनं मला महिनोन्‌महिने येत आहे येत आहे म्हणून लटकवलं अन् शेवटी वर्ध्याच्या एका मिस्त्रीनं पत्रा वाकवून बनवून दिला, तोच आजपर्यंत टिकून आहे. ते तरी देशात जोडलेल्या गाडीचं.

बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू देऊ नका, गावातले लोकं प्रेमानं येतील तरी नाई. ऑटोमॅटिक आहे, मागची चाकं फिरत राहिली की गिअरबॉक्स जाते. फ्लॅटबेडच पाहिजे, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, अन् तो इकडं नागपूर-अमरावतीहूनच येते. पॉलिसीतल्या रोडसाइड असिस्टन्सला किलोमीटरचं लिमिट असते, ते आधी वाचा.

पेट्रोलचं, आपल्याकडं १०५ च्या आसपास धरा, लिटरला गावात पाच-सहा किलोमीटर अन् हायवेवर आठ. म्हणजे गावात किलोमीटरला १८-२१ रुपये नुसते पेट्रोलचे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनल्या नाईत, अन् इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी सोडू नका. १०० ऑक्टेनचं पेट्रोल निघालं होतं तेव्हा महाराष्ट्रात मुंबई-पुण्यालाच आलं, आपल्याला त्याचं नाव घेऊन उपयोग नाई.

अन् उंदीर. हे शहरातले लोकं कधीच सांगणार नाईत. घरात कापूस भरला की उंदीर येतात, अन् कापसाच्या खोलीला लागून गाडी उभी असली की वायरिंग कातरतात. गाडी कोठ्यात किंवा कुटाराजवळ ठेवायचा विचार असेल तर तो सोडा, वेगळं पत्र्याचं शेड अन् खाली फरशी. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, लाइट असते तेव्हा.

हे सप्पं वाचून वाटेल की हा माणूस घाबरवून राहिला. नाई भाऊ, मला गाड्यांचं वेड लहानपणापासून आहे. समृद्धी झाल्यापासून तर आमच्याकडं पोट्टे रविवारी इंटरचेंजकडं जाऊन उभे राहतात, मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या पाहायला, पिवळी लॅम्बोर्गिनी दिसली तर आठवडाभर तोच विषय. गाडीच्या बिल्ल्यावर घोडा दिसला की फेरारी म्हणायचे आधी, आता आमच्या एका पोट्ट्यानं सप्प्यांना शिकवलं, घोडा पळून राहिला तर मस्टँग, मागच्या पायावर उभा झाला तर फेरारी, अन् ढालीच्या मधात बारका असला तर पोर्शे. हिंगणघाटजवळ ४४ नंबरच्या हायवेवर हैदराबादच्या गाड्या जास्त दिसतात. अन् मस्टँग तर लग्नात भाड्यानं पण येते, नवरदेव छतातून बाहेर निघाय पाहते पण ती कन्व्हर्टिबल नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला पळणारी गाडी पाहिजे का दिसणारी ते ठरवा. पळणारी पाहिजे असेल तर माझ्यासारखी ऑक्टाव्हिया आरएस २३० शोधा, किंवा फोक्सवॅगनची पोलो जीटीआय भेटली तर, पण त्या भारतात ९९ च आल्या होत्या म्हणून मालक सोडत नाईत. बजेट कमी असेल तर फिएटची अबार्थ पुंटो, १४५ पीएस, चालवायला भन्नाट, पण कंपनी गेली, पार्ट आधी विचारून ठेवा. ह्या तिन्ही ब्रेकर तिरप्या न करताही बहुतेक जागी पार करतात अन् डिक्कीत तुरीचं कट्टं पण मावते.

मस्टँगच घ्यायची असेल तर पाहायला जाताना गॅरेजच्या लिफ्टवर चढवायला लावा, वरून चमकलेली गाडी सप्प्यांना दिसते. खालचं कव्हर आहे का, सायलेन्सर कंपनीचाच आहे का कापून जोडला, रिम आतून वाकली का, अन् आरसीवरचा इंजिन-चेसिस नंबर स्वतः टॉर्च लावून जुळवा. विकणारा लिफ्टला नाई म्हटला तर तिथूनच परत या. अन् एमएच पासिंगची भेटली अन् ह्या साइडला आणून दाखवत असेल तर इथंच कमेंटमधे सांगा, धामणगावात लिफ्ट आहे, मी येतो पाहायला.