पाव: पाय पावशेरात आहे, वडापावात नाही

एका वाचकाने विचारलंय: ‘पाव किलो’तला पाव, वडापावातला पाव आणि ‘देव पावला’तला पाव हा एकच शब्द का? लादीचे चार भाग होतात म्हणून पाव म्हणत असतील का?

नाही. तिन्ही वेगळे. आणि लादी मोजून बघा की! आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ती सहाची असते. कालच तिथे एक बाई म्हणाल्या, “पाव किलो खारी दे, आणि पाव.” पोऱ्याने विचारलं, “पाव किती?” “एक लादी.” खारी काट्यावर चढली, लादी कागदात गेली, कुणाचाही घोटाळा झाला नाही. घोटाळा करतात ते व्युत्पत्ती सांगणारे. “पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव” हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीत ऐकलंय, आता फोनवरच्या व्हिडिओंत ऐकतोय, आणि दर वेळी तेवढाच संताप येतो. पायासाठी ‘पाँव’ म्हणतात हिंदीत. आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या पदार्थाला नाव द्यायला मराठी माणूस हिंदीतला पाय उसना आणायला गेला होता का?

पाय आहे, पण तो पावशेरात. संस्कृत ‘पाद’. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पाऊण म्हणजे पाद + ऊन, सव्वा म्हणजे स + पाद. चार आण्यांची पावलीही त्यातलीच. एवढं पुरे.

खायचा पाव पोर्तुगीज. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला, आणि पोर्तुगीजांबरोबर त्यांची भट्टीही आली. गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, हाही शब्द त्यांच्या ‘पादेइरो’वरून. त्यांचा मूळ शब्द नाकात उच्चारायचा, साधारण ‘पांव’. पुरावा हवा? ‘लिलाव’ घ्या. पोर्तुगीज ‘लैलांव’. हिंदीने त्याचं ‘नीलाम’ केलं, नाकातला सूर ‘म’ करून टिकवला. आपण लिलाव केला आणि सूर सोडला. पावाचंही तेच. एकाच साच्यातून निघालेले हे दोन शब्द शेजारी ठेवले की पायाने तुडवायची कथा तिथेच संपते.

सूर का सोडला? माझं ठाम मत असं, की मराठीने तो सोडला नाही, झिजवला. आपणच गांव, नांव लिहीत होतो. उच्चारातून अनुनासिक गेलं आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वारही गेला. पाव त्याच वाटेने गेला असणार. गोव्यात बघा, २४ जूनला विहिरीत उड्या मारतात तो संत जॉनचा सण, पोर्तुगीज ‘सांव जुआंव’, अजून ‘सांजांव’च आहे. तिथे पोर्तुगीज कानाशी होते, म्हणून सूर राहिला. हे न बघता ‘अपूप’ (पिठाचा गोड पदार्थ) या वैदिक शब्दातून पाव ओढून काढणारे व्याख्याते आहेत, त्यांचं मला अजिबात पटत नाही. अपूपाचा वंशज हवा असेल तर मालपुव्यात शोधा, तिथे तो खरोखर आहे.

तोच पोर्तुगीज शब्द जपानात ‘पान’ झाला आणि श्रीलंकेतही ‘पान’. कोलंबोत पान मागाल तर विडा नाही, पाव मिळेल. चिनी ‘बाव’ मात्र यांचा कुणी नाही. त्याचा अर्थ गुंडाळणं, सारण भरून गुंडाळलेला तो बाव. दिसायला भाऊ, नात्याने परका. कॅटलन भाषेत ‘पाव’ म्हणजे शांतता, हवाई बेटांवर ‘पाव’ म्हणजे संपलं. आणि खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकातला सूर विसरलात तर ‘पाव’ म्हणजे लाकूड! लिस्बनच्या बेकरीत आपला मराठी उच्चार तसाच नेऊ नका.

पण खरी मौज पुढे आहे. पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘पानिस’वरून आला. ‘कोम’ म्हणजे सह. कोम + पानिस, जो आपल्याबरोबर बसून भाकरी खातो तो सोबती, ‘कोंपानियो’. त्यावरून ‘कंपनी’. म्हणजे बेकरीतल्या पावाचं आणि कंपनी सरकारचं मूळ एकच! आणि त्या सरकारचा लाटसाहेब? लाट म्हणजे लॉर्ड, आणि लॉर्ड हा जुन्या इंग्रजीतला ‘ह्लाफवेअर्ड’, पावाचा राखणदार. तिथलं ‘ह्लाफ’ म्हणजे आजचा ‘लोफ’. लेडी ही पीठ मळणारी. ‘पानिस’ आणि ‘ह्लाफ’ ही धातूने वेगळी कुळं, पण दोघांच्याही पोटात भाकरी. हिंदुस्थानावर १८५८पर्यंत राज्य केलं ते ‘एकत्र भाकरी खाणाऱ्यांनी’, आणि त्यांच्या डोक्यावर पावाचा राखणदार! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून शेजाऱ्यांना सांगायला गेलो होतो.

हां, ‘देव पावला’ राहिलाच. तो संस्कृत ‘प्राप्’, प्र + आप्, येऊन पोचणं. मनिऑर्डर पावली, पत्र पावलं, पैसे मिळाल्याची पावती, सगळी त्याचीच. पत्र घरी पोचतं, तसा देव भक्तापर्यंत पोचतो.