वरच्या वावरातली माती, खालच्या गावचं पाणी: वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं वर्धा आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतली आहेत. या दोन्ही नद्या पुढे एकत्र येऊन प्राणहिता होतात आणि गोदावरीला मिळतात. त्यामुळे कारंजातल्या टेकडीवरची माती आणि पवनीतलं पाणी या प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहेच.

आमच्या नाल्याचं दोन वर्षांपूर्वी खोलीकरण झालं. पहिल्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत पाणी होतं. यंदा दिवाळीनंतर महिनाभरात नाला कोरडा पडला. पुन्हा पोकलेन लावायचं का? (कारंजा घाडगे तालुका)

आत्ताच नको. आधी नाल्यात उतरा आणि तळाला कुदळीने हातभर खड्डा घ्या. बारीक, चिकट काळा गाळ निघाला तर तो वावरांतून आला आहे. मुरूम आणि खडे निघाले तर टेकडीवरची बरड जमीन खरडून येते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा खड्डा टाळू नका.

काळी माती ओली होऊन फुगली की तिच्यातून पाणी फारच सावकाश मुरतं. खोलीकरणात उघडा पडलेला मुरूम पाणी पीत होता, त्यावर आता या मातीचा थर बसला. साठवण घटली आणि विहिरींकडे जाणारी वाटही बुजली. पुन्हा खोदलं तरी वरून माती येतच राहिली, तर दोन पावसाळ्यांत हेच होईल. नाल्याचं काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवं, पण गावोगाव ते पायथ्यापासून सुरू होतं. कारण पोकलेनचं काम दिसतं आणि टेकडीवरचं गवत कोणाला दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

टेकडीवर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब चर घ्या आणि किमान दोन पावसाळे चराईबंदी पाळा. चराईबंदी हाच अवघड भाग आहे. ज्यांच्या शेळ्या त्या टेकडीवर जातात, त्यांना चाऱ्याची सोय दिल्याशिवाय ती टिकत नाही. गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांनाच द्या.

वावरात कपाशी, सोयाबीन, तूर उताराला आडवी पेरा. शेवटच्या डवरणीला (ओळींमधल्या कोळपणीला) डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पातं धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळली की दोन ओळींच्या मधे सरी पडते. याला वेगळा खर्च नाही. पुढच्या पावसाचं पाणी त्या सरीत थांबतं, मुरतं आणि माती धुऱ्याच्या (बांधाच्या) आत राहते. नाल्याच्या काठचे शेतकरी जरी एवढं करू लागले, तरी गढूळपणातला फरक त्याच हंगामात डोळ्यांना दिसेल. साचलेला काळा गाळ उन्हाळ्यात काढून बरड वावरांत पसरा. भारी काळ्या जमिनीत टाकू नका, तिथे निचरा आणखी बिघडतो.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला, नायट्रेट 78. आम्ही नियमित टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, घरी उकळूनही पितो. चालेल ना? (यवतमाळ जिल्हा)

नाही चालणार. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. उकळल्याने वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध देत असाल तर ते कालवायला हे पाणी आजपासून बंद करा. अशा बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद यामुळे घटते. घरातलं बाळ अंगावर पीत असेल तर तेच सुरू ठेवा.

टीसीएल मात्र थांबवू नका, जंतूंसाठी ते लागतंच. मात्रा अंदाजाने नको. हजार लिटरला 5 ग्रॅम हा हिशोब. गोल विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर साधारण 28 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे 140 ग्रॅम पावडर. टाकल्यावर अर्धा तास पाणी भरू नका.

आता नायट्रेट येतं कुठून, ते शोधा. विहिरीभोवती फेरी मारा: उकिरडा, गोठ्याचं मूत, शौचालयाचा शोषखड्डा, युरियाची पोती. उकिरडा आणि गोठ्याचं पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला वळवा. युरिया एकदम न देता हप्त्याने द्या, आणि मोठा पाऊस तोंडावर असेल तर थांबा. धुपून गेलेला युरिया तुमच्याच विहिरीत उतरतो. मुरलेलं नायट्रेट लगेच जात नाही, तोवर बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी दुसऱ्या तपासलेल्या स्रोताचं पाणी आणा.

फवारणीचा पंप नाल्यावर धुतला तर एवढ्याशाने काय होतं?

मासे मरतात, आणि खाली गुरं तेच पाणी पितात. औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. पंप वावरातच धुवा, धुतलेलं पाणी त्याच पिकावर फवारा.

आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ जेसीबीने काढला. पाणी वाढलं, पण मासे कमी झाले आणि बेशरम हे तण माजलं. (अर्जुनी मोरगाव तालुका)

कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांचा काठ उथळ, गवताळ उताराचा असतो. मासे अंडी तिथेच घालतात. जेसीबीने काठ सरळ कापला तर ती जागाच उरत नाही. पुढच्या वेळी मधला गाळ काढा आणि काठाचा उतार तसाच राहू द्या. कुठला भाग सोडायचा, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारून ठरवा. तलावाचा तळ त्यांच्याइतका कोणालाच माहीत नाही. बेशरम उन्हाळ्यात मुळासकट उपटून काठापासून दूर वाळवा. ओल्यात पडलेल्या तुकड्याला पुन्हा मूळ फुटतं.

उन्हाळ्यात वैनगंगेच्या पाण्याला वास येतो, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. तक्रार कुठे करायची? (पवनी तालुका)

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या साठ्यात येतं. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि रात्रभरात तो आणखी घटत पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून मासे तेव्हा वर येतात. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. 1974 च्या जल कायद्यानुसार घाण पाणी नदीत सोडायला मनाई आहे आणि नगरपालिका, महानगरपालिकाही त्यातून सुटत नाहीत. ग्रामसभेचा ठराव जोडा, तक्रारीची पोच घ्या. मंडळाच्या माणसांना नमुना दुपारी नको, पहाटेच, मासे वर येतात त्याच जागी घ्यायला सांगा आणि तुम्ही हजर राहा. दुपारी शेवाळामुळे पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. त्या वेळचा अहवाल तुमच्या तक्रारीविरुद्धच वापरला जाईल.